जेल की क्ले? आधी केसातलं पाणी बघा

कंगव्यात अडकलेला एक लांबसा केस घ्या. तो पाण्यात भिजवून पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळा आणि पूर्ण वाळू द्या. सोडवलात की त्याला छान वळण पडलेलं दिसेल. आता तोच केस चहाच्या वाफेवर धरा. बघता बघता वळण सैल पडतं आणि केस मूळ वळणावर जातो.

केसात केराटिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या असतात आणि त्यांना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात. केस वाळताना ज्या आकारात असेल त्याच आकारात ते पुन्हा बांधले जातात. पावसाळ्यात मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत सकाळी नीट बसवलेले केस दुपारपर्यंत कुणाचे चप्प होतात, कुणाचे फुलतात, ते याच कारणाने. हवा खूप दमट असली की केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतो. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात सगळं उलट असतं. तिथे केसातला ओलावा उडतो, केस राठ होतात आणि उष्णतेने डबीतलं मेणही मऊ पडतं. म्हणून "सगळ्यात चांगलं प्रॉडक्ट कुठलं" असं विचारणाऱ्याने सोबत गाव आणि महिनाही सांगायला हवा.

कुठल्याही डबीला तीन प्रश्न विचारायचे असतात: पकड किती, चमक किती आणि पाण्याशी तिचं कसं जमतं. पहिल्या दोन गोष्टी झाकणावर ठळक छापलेल्या असतात. तिसरी कोणी छापत नाही, आणि माझ्या मते निवड तिच्यावरूनच करावी.

जेल

जेलमध्ये बहुतांश पाणीच असतं. त्यात पकड देणारं पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचं द्रव्य, विरघळवलेलं असतं, बहुतेक वेळा पीव्हीपी किंवा त्याचं एखादं भावंड, आणि दाटपणासाठी कार्बोमर. पाणी उडून गेलं की पॉलिमरचा काचेसारखा पातळ पापुद्रा मागे राहतो. तो शेजारशेजारचे केस एकत्र चिकटवून त्यांच्या जाड बटा करतो. जेलची पकड आणि चमक दोन्ही या पापुद्र्यातून येतात.

म्हणून जेल ओल्या केसांना लावायचं. टॉवेलने केस टिपून घ्या. पाणी गळायला नको, पण हाताला ओलसर लागलं पाहिजे. दोन-अडीच इंच लांबीच्या केसांना एक रुपयाच्या नाण्याएवढं जेल पुरतं. ते दोन्ही तळहातांवर पसरवा, मागून पुढे आणा, कंगव्याने भांग पाडा, आणि मग पूर्ण वाळेपर्यंत, साधारण दहा मिनिटं, केसांना हात लावू नका. कोरड्या केसांवर जेल थापलं की ते जिथे टेकतं तिथेच राहतं. मग एक बट दगडासारखी घट्ट होते आणि शेजारची मोकळी राहते.

"जेलने कोंडा होतो" ही तक्रार सलूनमध्ये सतत ऐकू येते. बहुतेकदा तो कोंडा नसून तुटलेला पापुद्रा असतो. वाळल्यावर कंगवा फिरवला, प्रमाणापेक्षा जास्त लावलं, किंवा कालचं न धुताच आज त्यावर पुन्हा लावलं, या तीनपैकी काहीतरी घडलेलं असतं. खात्री करायची असेल तर एक पांढरा कण बोटावर घेऊन थेंबभर पाण्यात चोळा. तो चिकट होऊन विरघळला तर जेल, तसाच राहिला तर कोंडा. कोंडा निघाला तर डबी बदलून काही होणार नाही, कोंड्याचा शॅम्पू आणावा लागेल.

आणखी एक प्रयोग प्रत्येक जेलवाल्याने एकदा करून पाहावा. तळहातावर थोडं पारदर्शक जेल घ्या, त्यावर चिमूटभर मीठ टाका आणि बोटाने फिरवा. कार्बोमरवालं जेल असेल तर क्षणात त्याचं पाणी होतं, कारण मिठाने कार्बोमरचा दाटपणा मोडतो. घामातही मीठच असतं. व्यायाम करून आल्यावर घामेजलेल्या केसांवर जेल लावलं तर ते ओघळून कपाळावर का येतं, ते इथे कळतं. सी सॉल्ट स्प्रे (मिठाच्या पाण्याचा फवारा) मारून त्यावर जेल लावण्याचा बेतही याच कारणाने फसतो.

पीव्हीपी हवेतला ओलावाही ओढून घेतं, त्यामुळे जुलैच्या दमट हवेत त्याचा पापुद्रा मऊ आणि चिकट होतो. पावसाळ्यात जेलच वापरायचं असेल तर घटकांच्या यादीत व्हीपी/व्हीए कोपॉलिमर लिहिलेलं शोधा. ते ओलावा कमी ओढतं.

वॅक्स आणि क्ले

इथे सगळा मामला मेणाचा. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण ८० अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून त्याचं प्रमाण जास्त असलेलं वॅक्स हाताला कडक लागतं. मेण जेलसारखं वाळून काच होत नाही. दुपारी केसांतून बोटं फिरवली तरी पकड तुटत नाही, पुन्हा बसवता येतात. दिवसभर केसांशी चाळा करायची सवय असलेल्याने जेलच्या वाटेला जाऊच नये.

क्ले म्हणजे असंच मेण, त्यात काओलिन किंवा बेंटोनाइट ही माती घातलेली. मुलतानी माती तोंडावर वाळली की त्वचा ओढल्यासारखी का वाटते? माती तेल आणि पाणी दोन्ही शोषते म्हणून. डोक्यावरही ती हेच करते. चमक मरते, केसाचा पृष्ठभाग खरखरीत होतो, एक केस दुसऱ्याला टेकून उभा राहतो आणि विरळ केस भरल्यासारखे दिसतात. हल्लीचे फेड आणि टेक्सचर्ड क्रॉप हे कट क्लेवरच उभे आहेत.

लावण्याची रीत जेलच्या बरोबर उलटी आहे. केस पूर्ण कोरडे हवेत. हरभऱ्याच्या दाण्याएवढा क्ले बोटाने खरवडून घ्या आणि दोन्ही तळहात दहा-पंधरा सेकंद जोरात चोळा. गुठळी दिसेनाशी होऊन तळहातावर फक्त पातळ थर राहिला पाहिजे. ही पायरी गाळली की गुठळ्या केसांत अडकतात, मग कितीही विंचरा, निघत नाहीत. सुरुवात शेंडीच्या जागेपासून करा. बोटं मुळापर्यंत घाला, केस मागेपुढे चोळा, मग बाजू, आणि कपाळावरच्या केसांना सगळ्यात शेवटी फक्त हाताला उरलेलं. हात पहिल्यांदा टेकतात तिथे सगळ्यात जास्त माल लागतो. पुढचे केस बहुधा सगळ्यात विरळ आणि सगळ्यात जास्त दिसणारे, तिथेच सुरुवात केली की ते चिकटून कपाळ उघडं पडतं.

कमी पडलं तर पुन्हा अर्धा दाणा घ्या. जास्त झालं तर मात्र धुण्यावाचून इलाज नाही.

१०० ग्रॅमची डबी, रोज अर्धा ग्रॅम, म्हणजे सुमारे २०० दिवस. तुमची डबी दोन महिन्यांत संपत असेल तर तुम्ही तिप्पट लावताय, आणि "क्लेने केस जड होतात" ही तुमची तक्रार तिथूनच आली आहे.

ओलसर केसांवर क्ले लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पाण्याच्या थरावर मेण नीट धरत नाही, आणि त्याहून मोठी अडचण सुरुवातीच्या प्रयोगात दिसलीच: केस वाळताना आकार घेतो. क्ले लावून झाल्यावर केस वाळत राहिला तर तो त्याच्या मनाचा आकार घेणार. म्हणून निम्मं काम ड्रायरवर सोपवा. मध्यम गरम हवा, डोक्यापासून वीतभर अंतर, केसांच्या वाढीच्या उलट्या दिशेने, आणि शेवटी अर्धा मिनिट थंड हवा. मगच डबी उघडा. ड्रायर नसेल तर पंख्याखाली बोटांनी केस वर उचलत वाळवा. वेळ जातो, पण परिणाम तोच मिळतो.

खोबरेल तेलाचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. सकाळी अंघोळ झाली की थोडं खोबरेल चोपडायचं, भांग पाडायचा आणि निघायचं, ही सवय पिढ्यानपिढ्यांची आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरमधले काही तास सोडले तर ते डोक्यावर पातळच असतं. पकड जवळजवळ शून्य, चमक भरपूर. त्यावर क्ले लावला की माती आधी ते तेल पिऊन घेते आणि केसांसाठी तिच्यात काही उरत नाही. जेल लावलं तर तेलावर पापुद्रा चिकटत नाही, तासाभरात सुटून येतो. "इतकं महागाचं आणलं, पण काही उपयोग नाही" असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारेन: सकाळी तेल लावलंत का?

याचा अर्थ तेल सोडा असा मुळीच नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करतं, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या संशोधनात दिसलं. खनिज तेल आणि सूर्यफूल तेलाला ते जमलं नव्हतं. त्यामुळे तेलाची जागा धुण्याच्या आधी. रात्री किंवा अंघोळीपूर्वी तासभर लावा, शॅम्पूने काढा, केस वाळवा आणि मग डबी उघडा. आजीचा तेलाचा आग्रह आणि नातवाचा क्ले दोन्ही एका डोक्यावर नांदू शकतात, फक्त वेळा वेगळ्या हव्यात.

पोमेडचे दोन प्रकार

पोमेड या शब्दाचं मूळ सफरचंदात आहे. जुन्या काळी ते फळ घालून मलम करत. १९व्या शतकात इंग्लंडात पुरुष मकासर तेल इतकं चोपडत की खुर्च्यांच्या पाठी खराब होऊ नयेत म्हणून त्यांवर कापड टाकायची पद्धत पडली. त्या कापडाला अँटिमकासर म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या बैठकीच्या खोल्यांत कोचाच्या पाठीवर क्रोशाची जाळी घालत, ती त्याच कुळातली.

आजच्या दुकानात पोमेड नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. पहिलं तेलाचं पोमेड: पेट्रोलॅटम (व्हॅसलीन हेच), मेण, खनिज तेल. त्यात पाणी नसतं, पाणी त्याला भेदत नाही, त्यामुळे कोकणातल्या पावसातही भांग हलत नाही. पण विदर्भाच्या मे महिन्यात ते मऊ पडून मानेवर उतरतं, आणि धुताना साध्या शॅम्पूला दाद देत नाही. ते काढायची रीत फणस कापणाऱ्याला विचारा. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, म्हणून हाताला आधी खोबरेल लावतात. इथेही तसंच. कोरड्या केसांत दोन चमचे तेल घालून दोन-तीन मिनिटं चोळा, त्यावर पाणी न घालता शॅम्पू चोळा, मग थोडं पाणी घालून फेस काढा, धुवा आणि पुन्हा एकदा शॅम्पू करा. आधीच पाणी ओतलं तर ग्रीसवर पाणी घसरतं आणि शॅम्पू वाया जातो.

याच पोमेडने कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर बारीक, त्वचेच्या रंगाच्या पुटकुळ्या येतात. त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० सालीच याला पोमेड अ‍ॅक्ने असं नाव दिलं. केसरेषेपासून बोटभर आत थांबा, रात्री न धुता झोपू नका आणि उशीची खोळ आठवड्यातून दोनदा बदला. तरी पुटकुळ्या राहिल्या तर ते पोमेड सोडा.

दुसरं पाण्याचं पोमेड. घटकांत पहिलं नाव पाणी आणि लगोलग सेटेअरेथ-२५ सारखं पाणी आणि तेल एकत्र धरणारं द्रव्य दिसतं. चमक तेलाच्या पोमेडसारखी आणि साध्या पाण्याने निघून जातं. ओलसर केसांना लावलं तर चमक जास्त, कोरड्यांना लावलं तर पकड जास्त. मागे वळवलेले केस किंवा नीटनेटका बाजूचा भांग हवा असेल, आणि रोज धुणं होत असेल, तर नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

बाकीची मंडळी

क्रीम म्हणजे पाणी आणि तेलाचं मिश्रण. ब्रिलक्रीम १९२८ साली बर्मिंगहॅममध्ये तयार झालं, तेही पाणी, खनिज तेल आणि मधमाशांच्या मेणाचंच. पकड हलकी, केस मऊ राहतात. राठ, जाड किंवा कुरळ्या केसांना, ओलसर असतानाच, वाटाण्याएवढं. कुरळे केस असतील तर आधी क्रीम, त्यावर थोडं जेल, आणि वाळेपर्यंत कंगवा दूर. वाळल्यावर कडक झालेल्या बटा मुठीत धरून हलकेच चुरडा, की कडकपणा जातो आणि वळण राहतं.

मूस हा जेलचाच हवा भरलेला अवतार: अंड्याएवढा फेस, ओल्या केसांच्या मुळाशी, वर ड्रायर. सी सॉल्ट स्प्रेतलं मीठ केस खरखरीत करून फुलवतं. सरळ, मऊ केसांना ते छान शोभतं, आधीच राठ असलेल्यांना मुळीच नाही.

पावडरबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती अनेकदा चुकीची वापरली जाते. त्यात सिलिका सिलिलेट असते, अतिशय बारीक आणि हलकी. दोन केसांमध्ये शिरून ती घर्षण वाढवते, त्यामुळे केस एकमेकांवरून घसरत नाहीत आणि बसलेले केस उचलले जातात. पूर्ण कोरड्या केसांत, मुळाशी, तीन-चार ठिकाणी एकेक झटका, बस्स. मग बोटांच्या टोकांनी मुळं चोळा. दहा झटके मारले तर केस जटांसारखे होतात आणि कंगवा घातला की तुटतात. संध्याकाळी विंचरून काढू नका. आधी भिजवा, कंडिशनर लावा, मग शॅम्पू करा. झटकताना श्वास रोखा आणि डोळे मिटा, ही धूळ फुप्फुसात जायची वस्तू नव्हे.

हेअर स्प्रे सगळं झाल्यावर, २० ते ३० सेंटिमीटरवरून. जवळून मारला तर थेंब साचतात आणि केस ओले होऊन बसतात. त्यात अल्कोहोल आणि ज्वलनशील वायू असतो, म्हणून देवापुढे निरांजन तेवत असताना किंवा गॅसजवळ मारू नये. डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरची डिक्की त्याच्या फार जवळ जाते, तेव्हा डबा तिथे ठेवू नका.

हेल्मेटवाल्यांसाठी

हेल्मेटमध्ये दाब, उष्णता आणि घाम एकत्र येतात. म्हणजे ओलावा आहे, आकार आहे, आणि हेल्मेट काढल्यावर वारा लागून वाळणंही आहे. केस नेमका हेल्मेटचा आकार धरतो. जेलचा पापुद्रा दाबाखाली तुटतो, म्हणून ते बाद. घरून निघताना केस फक्त कोरडे करून निघा, अगदी हवं तर क्लेचा अर्धा दाणा. पोचल्यावर बोटं ओली करून मुळं चोळा, म्हणजे बसलेला आकार सुटेल. दोन मिनिटं वाळू द्या, मग उरलेला क्ले लावा. आत सुती रुमाल बांधला तर घाम तो टिपतो आणि हेल्मेटचं अस्तरही मेणकट होत नाही. अस्तर निघत असेल तर पंधरवड्याला शॅम्पूने धुवा. नाहीतर कालचं मेण आजच्या कपाळावर येतं.

यादी वाचताना

घटक साधारणपणे जास्तीपासून कमीकडे लिहितात, त्यामुळे पहिली पाच नावं वाचली तरी पुरतं. पाणी आणि मग पॉलिमर म्हणजे जेल, नाव काहीही असो. पहिलं पेट्रोलॅटम म्हणजे धुताना तेल लागणार. काओलिन किंवा बेंटोनाइट पहिल्या पाचात नसेल तर तो क्ले नावापुरता. आणि सेटिल किंवा सेटेअरिल अल्कोहोल दिसलं म्हणून घाबरू नका, ती मेणासारखी मऊ करणारी द्रव्यं आहेत. केस कोरडे करतं ते नुसतं अल्कोहोल किंवा अल्कोहोल डीनॅट.

टाळू दिसायला लागली असेल तर चमकणारं काहीही टाळा. जेल आणि पोमेड केसांच्या बटा करतात आणि दोन बटांमधली टाळू आणखी उघडी पाडतात. केस जरा लहान ठेवा, थोडा क्ले लावा किंवा पावडरचे दोन झटके, आणि भांग पाडू नका. विंचरताना ओढाताण नको, धुणं नीट हवं. बोअरवेलच्या जड पाण्यात फेस कमी येतो आणि मेण मागे राहतं, तेव्हा अशा ठिकाणी दोनदा शॅम्पू करा आणि शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

डबी वापरून झाली की झाकण लगेच घट्ट लावा. क्ले आणि पाण्याच्या पोमेडमधलं पाणी उडतं, कडेला भेगा पडतात आणि माल डबीच्या भिंतीपासून सुटतो. अशी डबी सावरायला पुष्कळजण त्यात चमचाभर पाणी घालून ढवळतात. ते करू नका. आतलं टिकाऊ द्रव्य मूळ मापाला बेतलेलं असतं, नळाचं पाणी पडलं की ते विरळ होतं आणि बुरशीला वाट मिळते. फार तर लागेल तेवढाच कण हातावर घेऊन ओल्या बोटाने मऊ करा. वास बदलला असेल, तर ती डबी सरळ कचऱ्यात टाका.